बातमीखालचे नाव

वृत्तपत्रातील मजकुरासोबत बातमीदाराचे नाव छापले जाते, तेव्हा तो त्याच्या लेखणीचा गौरव होय अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१–६५) इतिहास पाहता या समजुतीला छेद जातो. १८६३ च्या एप्रिलअखेर उत्तरेच्या पोटोमॅक सेनेचा सेनापती जोसेफ हूकर याने आज्ञा काढली, की आपल्या सैन्याबरोबर असणाऱ्या बातमीदारांनी यापुढे स्वतःच्या नावानिशीच वृत्तान्त प्रसिद्ध करावेत. हूकरला कोणाचा गौरव करावयाचा नव्हता. सैन्याच्या हालचाली कोणी फोडल्या हे कळावे आणि त्याला छावणीबाहेर काढता यावे, एवढाच त्याचा हेतू होता.

तोवर पुष्कळसे वृत्तान्त निनावी किंवा टोपणनावाने येत. व्हाइटलॉ रीड 'अ‍ॅगेट' या नावाने, तर चार्ल्स कॉफिन 'कार्लटन' या नावाने लिहीत असे. टोपणनाव मराठी वाचकालाही परिचित आहे. परंतु ललित लेखनात ते बहुधा व्यक्तिमत्त्वाचे लेणे असते, इथे ते कवच होते. त्याच्या आड राहून खोटे लिहिता येई, तसे सेनापतीला नको असलेले खरेही लिहिता येई. हूकरच्या आज्ञेने दोहोंवर एकदमच घाला घातला.

बातमीदार सेनापतीच्या हाती सापडला म्हणजे काय होई, हे थॉमस नॉक्सच्या प्रकरणावरून कळते. डिसेंबर १८६२ मध्ये व्हिक्सबर्गजवळ चिकासॉ बायू येथे विल्यम शर्मनच्या सैन्याचा पराभव झाला. 'न्यूयॉर्क हेरल्ड'च्या नॉक्सने त्याचे खापर शर्मनवर फोडणारा वृत्तान्त धाडला. त्यात चुका होत्या, आणि त्या त्याने नंतर मान्यही केल्या. पण पराभव काही खोटा नव्हता. शर्मनने त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे केले. हेरगिरीच्या आरोपातून तो सुटला. आज्ञाभंगाबद्दल मात्र त्याला सैन्याच्या हद्दीतून घालवून देण्यात आले. ग्रँटची संमती असल्यास त्याला परत येऊ द्यावे, असे अध्यक्ष लिंकन यांनी कळविले. ग्रँटने निर्णय शर्मनवर सोपविला, आणि शर्मनने दार उघडले नाही. देशाच्या अध्यक्षाची रदबदलीही छावणीच्या वेशीवर थांबली, ही गोष्ट मला या सबंध प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते.

लिंकन यांची स्वतःची भूमिकाही एकमार्गी नव्हती. जून १८६३ मध्ये जनरल बर्नसाइडने बंद पाडलेला, सरकारविरोधी 'शिकागो टाइम्स' त्यांनी काही दिवसांतच मोकळा केला. मे १८६४ मध्ये मात्र त्यांनीच न्यूयॉर्कमधील दोन पत्रे काही काळ बंद करविली. निमित्त होते एका खोट्या सहीचे. चार लाख माणसांच्या नव्या सैन्यभरतीची घोषणा करणारा, लिंकन यांच्या नावाचा बनावट जाहीरनामा 'वर्ल्ड' आणि 'जर्नल ऑफ कॉमर्स' यांनी खरा समजून छापला होता. तो रचणारा जोसेफ हॉवर्ड हा स्वतःच पत्रकार. युद्ध लांबणार अशी हवा झाली की सोन्याचा भाव चढेल, हा त्याचा हिशेब. युद्धाच्या बातमीवर पैसा लावणारे लोक अर्थात न्यूयॉर्कपुरतेच नव्हते. अमेरिकी कापूस अडून पडल्यामुळे मुंबईहून जाणाऱ्या कापसाला अपूर्व भाव आला होता, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता पोहोचली तेव्हा तेथील शेअरबाजाराचा डोलारा कोसळला.

दक्षिणेत सहीपेक्षा कागदाची विवंचना मोठी होती. वेढ्यात सापडलेल्या व्हिक्सबर्गमधील 'डेली सिटिझन' हे पत्र अखेरीस भिंतीला लावण्याच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या बाजूवर निघू लागले. २ जुलै १८६३ च्या अंकात ग्रँटची थट्टा होती: ४ जुलैला व्हिक्सबर्गमध्ये जेवण्याचा त्याचा बेत ठीक आहे, पण ससा रांधण्याआधी तो धरावा लागतो. ४ जुलैलाच शहर पडले. उत्तरेच्या सैनिकांना छापखान्यात जुळवलेले खिळे तसेच सापडले. त्यांनी ते मोडले नाहीत. तळाशी एक टिपण जुळवले, ग्रँटने ससा धरला आहे असे त्यात नमूद केले, आणि काही प्रती काढल्या. एकाच पानावर दोन शत्रूंचा मजकूर असलेल्या या अंकाच्या प्रती आजही जपून ठेवलेल्या आहेत. ते टिपण कोणी लिहिले, त्याचे नाव मात्र त्यावर नाही.