कंदीलपुष्प
(प्रजाती : सेरोपेजिया, कुल : अपोसायनेसी, पूर्वी रुई कुल). अन्य नावे : खर्चुडी, हामण. जमिनीत कंद राखून वर्षानुवर्षे जगणारी रानवनस्पती. सातारा जिल्ह्यात कास, पाचगणी, महाबळेश्वर भागातील सडे (खडकाळ पठारे) व उतारांवर पावसाळ्यात उगवते. पावसानंतर वरचा भाग वाळतो. भारतातील बहुतेक जाती प्रदेशनिष्ठ आहेत.

ओळख : पाने समोरासमोर. बहुतेक जातींचा चीक रुईसारखा पांढरा नसून पाणेरी असतो. पाकळ्यांची नळी तळाशी फुगीर. वर पाच पाळ्या टोकांना जुळून कंदिलाचा आकार होतो. फुले नसताना गवतात झाड सापडणे कठीण. सेरोपेजिया जैनी ही ठेंगणी व ताठ असून तिची पाने गवतासारखी अरुंद असतात. सेरोपेजिया व्हिन्सीफोलिया वेलीसारखी चढते. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅटर व मॅकॅन यांनी वर्णिलेल्या एका जातीचे नाव पाचगणीवरून आहे. काही जातींच्या सीमांबाबत मतभेद आहेत.

परागीभवन : मधमाशी नव्हे, चिलटासारख्या बारीक माश्या हे काम करतात. वासाने आलेली माशी पाळ्यांमधल्या फटीतून शिरते, गुळगुळीत नळीतून घसरते आणि आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे परत फिरू शकत नाही. तळाशी धडपडताना परागपुंज तिच्या सोंडेला चिकटतात. पुढे केस मलूल होतात, फूल कलते आणि माशी सुटते. दुसऱ्या फुलात शिरली तरच बी धरते. परागवाहकांसाठी बाग करताना माश्यांना वगळणे म्हणूनच चुकीचे आहे.

लागवड : सड्यावरून कंद उपटू नये, कंद खाण्यासाठी खणले गेल्यानेही काही जाती घटल्या आहेत. बी रोपवाटिकेतील झाडाचे घ्यावे. शेंगा जोडीने येतात व उकलताच झुपकेदार बी उडून जाते, म्हणून पिकू लागलेल्या शेंगेवर मलमलची पुरचुंडी बांधावी. बी ताजे असतानाच पेरावे. मुरमाड, निचऱ्याची माती लागते; वेलवर्गीय जातींना काटक्यांचा आधार. पाने पिवळी पडताच पाणी तोडावे, नाहीतर कंद कुजतो. कुंडी पावसापर्यंत सावलीत कोरडी ठेवावी.

संवर्धन : कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव व सहकाऱ्यांनी वनस्पती उद्यानात अनेक जाती जोपासल्या. कासचा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

सांगली : शिराळा तालुक्यातील चांदोलीचा भाग कास-महाबळेश्वरच्याच डोंगररांगेत येतो.