मागे सरायला जागा नसते तेव्हा : वाइड अँगल लेन्सची कहाणी

एका होमिओपॅथी डॉक्टराने व्याख्यानमालेत कॅमेऱ्याच्या लेन्सवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण छायाचित्रण हा माझा जुना छंद, आणि दवाखान्यात येणारी तरुण मुले औषधाबरोबर हमखास विचारतात, "डॉक्टरकाका, डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचेत, वाइड अँगल लेन्स कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, "उभा कुठे राहणार?" आमच्या शास्त्रात नुसत्या रोगाच्या नावावर औषध देत नाहीत, रोगी पाहून देतात. लेन्सचेही तसेच आहे, हे तिचा इतिहासच सांगतो.

या इतिहासाच्या आरंभी एक डॉक्टरच आहे. इंग्लंडमधील विल्यम हाइड वोलॅस्टन याने वैद्यकी सोडून विज्ञानाची वाट धरली. १८१२ मध्ये त्याने चित्रकारांच्या अंधारपेटीसाठी एका बाजूने खोलगट, दुसरीने फुगीर असे भिंग सुचवले. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला १८३९ मध्ये, तेव्हा पॅरिसच्या शेव्हालिए यांनी त्याच वळणाचे भिंग कॅमेऱ्याला बसवले. निसर्गदृश्याचे भिंग म्हणून ते पुढे ओळखले गेले. त्याचे छिद्र लहान ठेवावे लागे, त्यामुळे वेळ फार लागे. पण डोंगर हलत नाही, म्हणून चालून जाई. ते भिंग फार रुंद नव्हते, आणि त्यामुळे कोणाचे अडलेही नाही. डोंगर पुरेसा मावत नसेल तर माणूस चार पावले मागे सरके.

अडले ते शहरात. अरुंद रस्त्यावरची उंच इमारत, देवळाचा सभामंडप, वाड्याचा चौक, इथे मागे सरावे तर पाठ भिंतीला टेकते. या अडचणीवर न्यूयॉर्कच्या हॅरिसन आणि श्निट्झर यांनी १८६२ मध्ये गोलाकार 'ग्लोब' लेन्सचे पेटंट घेतले. पुढे १८६६ मध्ये लंडनमध्ये डालमायर आणि म्युनिकमध्ये स्टाइनहाइल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सरळ रेषा सरळच ठेवणारी जोडभिंगे केली. इमारतीचे खांब वाकडे दिसेनात, ही मोठी सोय झाली.

त्याच वर्षी रुरकीला शिकलेला एक तरुण इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर रुजू झाला. हेच लाला दीनदयाळ. त्यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी ग्वाल्हेरसह मध्य भारतातील वास्तूंची चित्रे घेतली, आणि ती १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. त्यांची चित्रे पाहताना मला त्यांच्यातला नकाशाकार दिसतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, हे आधी ठरलेले असे.

रुंदीची कमाल १९०० मध्ये झाली. बर्लिनच्या गोएर्त्झ कंपनीसाठी एमिल फॉन होएघ याने 'हायपरगॉन' ही लेन्स केली. तिच्यात सुमारे १३५ अंशांचे दृश्य मावे. पण मध्यभाग उजळ आणि कोपरे काळे पडत. म्हणून भिंगापुढे चांदणीच्या आकाराचा छोटा पंखा बसवला. रबरी फुग्याने हवा मारून तो फिरवायचा, म्हणजे मधला उजेड अडे. मग तो बाजूला करून उरलेले चित्र घ्यायचे. नंतर आरशाचे कॅमेरे आले आणि आखूड भिंगाच्या वाटेत तो आरसाच येऊ लागला. १९५० मध्ये फ्रान्सच्या आंजेन्यूने 'रेट्रोफोकस' लेन्सने हा पेच सोडवला. आजच्या बहुतेक वाइड लेन्स याच वळणाच्या.

आता माझी फजिती. प्रॅक्टिसच्या पहिल्या कमाईतून मी ५० मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा घेतला. त्याच सुमारास रस्तारुंदीत बेळगावच्या गल्लीतील आमच्या घराचा दर्शनी भाग जाणार असे कळले. समोरच्या घराच्या पायरीला पाठ लावून मी फोटो काढला. दाराची चौकट आली, दारात उभी आई आली. पण माडीवरची खिडकी, जिथे आजी रोज दुपारी बसायची, ती आली नाही. महिन्याभरात खिडकीही गेली. आई आहे तोवर म्हणायची, "अरे, थोडं वरचं घ्यायचं होतंस."

त्या हळहळीपोटी मी पुढे २८ मिलिमीटरची लेन्स घेतली आणि थेट येळ्ळूरचा राजहंसगड गाठला. फोटो धुऊन आले, तर पायथ्याचे शेत ऐसपैस आणि गड मुंगीएवढा! एकाच जागेवरून २८ ची लेन्स वस्तू ५० च्या निम्म्याहून थोडीच मोठी दाखवते, हे गणित मी विसरलो होतो. पुढ्यात दगड, झाड, पाण्याचा डोह असे काही असेल तरच रुंद लेन्स डोंगरात शोभते. तीच लेन्स किल्ल्यातल्या कमल बस्तीत, जमिनीवर पाठ टेकून, छतातल्या दगडी कमळाकडे रोखली आणि तिची खरी जागा कळली.

म्हणून मुलांना सांगतो : घेण्याआधी जुने फोटो काढून बसा. मागे सरता आले नाही म्हणून किती हुकले ते मोजा. तसे बरेच असतील तर २४ किंवा २८ घ्या, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर १६ किंवा १८. नुसता डोंगर हवा असेल तर आहे ती ५० पुरे.

आणि घेतलीत, तर आधी आपल्या गल्लीत जा. राजहंसगड उद्याही तिथेच असेल, खिडक्यांचे तसे नाही.