आम्ल : व्याख्या

आम्ल : रसायनशास्त्रातील पदार्थांचा एक मूलभूत वर्ग. चिंचेतील टार्टारिक, लिंबातील सायट्रिक आणि दह्यातील लॅक्टिक आम्लापासून मोटारीच्या बॅटरीतील सल्फ्युरिक आम्लापर्यंत अनेक पदार्थ या वर्गात मोडतात. आम्ल म्हणजे काय, याचे मात्र एकच उत्तर नाही. गेल्या साडेतीनशे वर्षांत या वर्गाच्या अनेक व्याख्या झाल्या आणि त्यांतील तीन-चार आजही एकाच वेळी वापरात आहेत. आम्लाच्या विरुद्ध गुणांच्या पदार्थाला शालेय पाठ्यपुस्तकांत आम्लारी म्हणतात, तर मराठी विश्वकोशात क्षारक. या नोंदीत ‘आम्लारी’ हा शब्द योजला आहे.

व्याख्यांमधील फरक पाहण्यासाठी बोरिक आम्लाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या सरकाव्यात म्हणून टाकतात ती पांढरी पावडर म्हणजे हेच आम्ल. ते आम्ल का आहे, याचे उत्तर प्रत्येक व्याख्येत निराळे येते.

आरंभीची कसोटी चवीची होती. ‘अम्ल’ या संस्कृत शब्दाचा अर्थच आंबट असा आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या ग्रंथात जिभेऐवजी रंगाची कसोटी पुढे आणली. व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्लाने लाल होतो आणि आम्लारीने हिरवा, असे त्यांनी नोंदवले. आपल्याकडची हळद याच जातीची दर्शक आहे, पण ती फक्त आम्लारी ओळखते. वरणाचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. बोरिक आम्ल मात्र हळदीला चकवते. त्यात भिजवून वाळवलेला हळदीचा कागद तांबूस लाल होतो. म्हणजे नावाने आम्ल असलेला पदार्थ आम्लारीसारखी खूण उमटवतो. हळद, टाकणखार आणि लिंबाचा रस यांपासून कुंकू करण्याची जुनी रीत आहे. तीतही लिंबातील आम्लामुळे टाकणखारातून बोरिक आम्ल मोकळे होते. रंग पाहून पदार्थ ओळखता येतो, पण तो तसा का वागतो हे रंग सांगत नाही.

ते ‘का’ शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न आंत्वान लाव्हाझिए यांचा. गंधक, फॉस्फरस आणि कार्बन जाळून तयार होणारी ऑक्साइडे पाण्यात विरघळली की आम्ले होतात, हे पाहून आम्लता देणारा घटक हवेतील त्या नव्या वायूतच आहे, असे त्यांनी मानले. म्हणून त्याला आम्लजनक या अर्थाचे ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. मराठीतील ‘प्राणवायू’ या नावात हा गैरसमज उतरलेला नाही. मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लातही ऑक्सिजन असणारच, तो अजून सापडलेला नाही इतकेच, असे लाव्हाझिए यांचे अनुयायी धरून चालले होते. हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले आणि या आम्लात ऑक्सिजनचा लवलेशही नसल्याचे सिद्ध झाले. आम्लाच्या व्याख्यांपैकी सरळ सरळ खोटी ठरलेली ही एकच. पुढच्या व्याख्या एकमेकींना खोडत नाहीत. त्यांचा आवाका तेवढा निराळा असतो. १८३८ मध्ये युस्टुस फोन लीबिग यांनी, ज्यातील हायड्रोजनची जागा धातू घेऊ शकतो असे हायड्रोजनचे संयुग म्हणजे आम्ल, अशी मांडणी केली. लक्ष ऑक्सिजनवरून हायड्रोजनकडे वळले ते कायमचेच.

स्वांते आर्‍हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. त्यातून वाढलेल्या आयनीभवनाच्या सिद्धांतासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या व्याख्येनुसार पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ते आम्लारी. तिचा भक्कम पुरावा उष्णतेच्या मोजमापात आहे. कोणतेही तीव्र आम्ल घ्या, कोणतीही तीव्र आम्लारी घ्या, सौम्य द्रावणात त्यांच्या उदासिनीकरणात तयार होणाऱ्या पाण्याच्या दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णताच बाहेर पडते. पदार्थ वेगळे असले तरी घडणारी अभिक्रिया एकच असते: दोन आयन मिळून पाणी होते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेले पीएच मापनही याच पायावर उभे आहे. माती, पाणी, दूध, रक्त यांच्या तपासणीला आजही एवढी व्याख्या पुरते.

ती पाण्याबाहेर मात्र जात नाही. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन कोरडे वायू एकत्र आले की नवसागराचा पांढरा धूर निघतो. आम्ल-आम्लारीची ही उघड अभिक्रिया, पण तेथे ना पाणी आहे ना हायड्रॉक्साइड. ही अडचण १९२३ मध्ये कोपनहेगनचे योहानेस ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे टॉमस लॉरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दूर केली: प्रोटॉन देते ते आम्ल, प्रोटॉन घेते ती आम्लारी. अमोनिया प्रोटॉन घेतो, म्हणून तो आम्लारी. प्रोटॉन दिल्यानंतर आम्लाचे जे उरते ते प्रोटॉन परत घेऊ शकते; म्हणून प्रत्येक आम्लाला जोडीची आम्लारी असते.

या व्याख्येतील खरी क्रांती पाठ्यपुस्तकांत पुरेशी ठसत नाही. तिच्यामुळे आम्ल असणे हा पदार्थाचा अंगभूत गुण राहिला नाही, ती समोरच्या पदार्थाच्या संदर्भातील भूमिका झाली. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल पाण्यात दुर्बल असते, द्रवरूप अमोनियात तीव्र होते आणि संहत सल्फ्युरिक आम्लात प्रोटॉन स्वीकारून आम्लारी बनते. नायट्रिक आम्लासारखे जळजळीत द्रव्यही सल्फ्युरिक आम्लापुढे आम्लारी ठरते. प्रोटॉन घेऊन, पाण्याचा रेणू सोडून त्याचा नायट्रोनियम आयन होतो, आणि बेंझीनपासून नायट्रोबेंझीन करताना कामी येतो तो हाच आयन. उलट पाण्यात हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि परक्लोरिक ही तिन्ही आम्ले सारखीच तीव्र भासतात, कारण पाणी त्यांचे प्रोटॉन जवळजवळ पूर्णपणे काढून घेते. त्यांच्यातील तरतम पाहायचा तर ॲसिटिक आम्लासारखा, प्रोटॉन सहजी न स्वीकारणारा द्रावक लागतो.

आता बोरिक आम्ल. त्याच्या रेणूत तीन हायड्रोजन अणू आहेत, तरी उदासिनीकरणात ते एकाच हायड्रोजनचे आम्ल असल्यासारखे वागते. त्यातही तो प्रोटॉन त्याचा स्वतःचा नसतो. बोरॉनभोवती इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीची जागा रिकामी असते. ती पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनकडून जोडी घेते आणि सुटणारा प्रोटॉन त्या पाण्याचा असतो. हळदीच्या कागदावरही बोरॉन कर्क्युमिनच्या ऑक्सिजन अणूंना असाच बांधला जातो, म्हणून लाली येते. या वागण्याला बसणारी व्याख्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी त्याच १९२३ साली दिली आणि १९३८ मध्ये विस्ताराने मांडली: इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारते ते आम्ल, देते ती आम्लारी. त्यामुळे हायड्रोजनचा अंशही नसलेली बोरॉन ट्रायफ्लुओराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड ही संयुगे आम्ले ठरली. ॲल्युमिनियम क्लोराइड तर फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेत १८७७ पासून वापरात होते. ते काम का करते याचा उलगडा या व्याख्येने झाला.

या व्याप्तीची किंमतही मोजावी लागते. प्रोटॉन देणाऱ्या आम्लांना एका मोजपट्टीवर क्रमाने लावता येते. लुईस आम्लांचा क्रम समोरची आम्लारी बदलली की बदलतो. राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये ‘कठीण’ आणि ‘मृदू’ असे वर्ग करून त्यात काहीशी शिस्त आणली. नुसते ‘आम्ल’ म्हटले की प्रोटॉन देणारे समजायचे आणि दुसऱ्या प्रकाराला ‘लुईस आम्ल’ असे पूर्ण नाव घ्यायचे, ही रसायनशास्त्रज्ञांची रूढ पद्धत योग्यच आहे. मिखाईल उसानोविच यांची १९३९ मधील व्याख्या याहून रुंद आहे. तीत ऑक्सिडीकरण आणि क्षपणही सामावते, आणि म्हणूनच ती फारशी रुळली नाही.

त्याच १९३९ साली हेरमान लुक्स यांनी वितळलेल्या द्रव्यांसाठी एक व्याख्या दिली. हाकॉन फ्लूड यांनी ती पुढे वाढवली. ऑक्साइड आयन देते ती आम्लारी, घेते ते आम्ल. लाव्हाझिए यांनी आम्लाशी जोडलेला ऑक्सिजन येथे आयनाच्या रूपाने परत येतो, पण आम्लारीच्या बाजूने. लोखंडाच्या झोतभट्टीत खनिजाबरोबर चुनखडी टाकतात ती याच कारणासाठी. तिच्यापासून होणारा चुना आम्लारी आणि खनिजातील वाळूचे सिलिका आम्ल. दोघे मिळून वितळलेली मळी होते आणि लोखंडापासून वेगळी काढता येते. सिलिका म्हणजे आम्ल हा विचार भूविज्ञानात याच्याही आधीपासून आहे. सिलिका भरपूर असलेल्या ग्रॅनाइटला तेथे आम्ल खडक म्हणतात, आणि ज्यात तिचे प्रमाण सुमारे निम्मेच असते तो सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आम्लारिधर्मी गणला जातो.