ईस्टव्हिलच्या वह्या

नॉर्थॅम्प्टन काउंटी : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, चेसापीक उपसागर आणि अटलांटिक यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरचा शेतकरी-मच्छीमारांचा मुलूख. काउंटीचे ठाणे ईस्टव्हिल अगदी लहानसे गाव. पण तिथे १६३२ पासूनची न्यायालयीन दफ्तरे सलग टिकून आहेत. त्या देशात इतकी जुनी अखंड मालिका दुसरी नाही.

तेव्हाचे काउंटी कोर्ट नुसते न्यायनिवाडा करत नसे. कर, रस्ते, मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते सारे त्याच्यापुढे येई आणि क्लर्क ते वहीत उतरवून घेई. म्हणूनच अँथनी जॉन्सन आज आपल्याला ठाऊक आहे. आफ्रिकेतून आणलेला हा माणूस मुक्त होऊन जमीनमालक झाला. जॉन कॅसॉर हा त्याच्याकडचा आफ्रिकी चाकर. आपली चाकरीची मुदत केव्हाच संपली, असे त्याचे म्हणणे. १६५५ मध्ये कोर्टाने ते फेटाळून त्याला जन्मभरासाठी जॉन्सनच्या हवाली केले. गुलामगिरी कायद्यात कशी शिरली, हे इतक्या थेट दाखवणारे कागद फार थोडे.

असे कागद सगळीकडे उरले नाहीत. व्हर्जिनियातल्या इतर काही काउंट्यांनी अमेरिकी यादवी युद्धात आपली दफ्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राज्याची राजधानी रिचमंडला पाठवली. एप्रिल १८६५ च्या आगीत ती जळाली.