कमाटी बागेचें फाटक

दिवसाचें काम आटोपून आपण आतां घटकाभर निवांत बसलां असाल. आपल्यापैकीं कोणी गाणें ऐकेल, कोणी पुस्तक उघडील, कोणी मुलांना घेऊन फिरावयास निघेल. कामानंतरच्या ह्या वेळाची व्यवस्था ज्याची त्यानें करावी, त्यांत नगराचा कांहीं संबंध नाहीं, असें पूर्वी आपणांस वाटत असे. आज गांवोगांव सार्वजनिक बागा आहेत, वाचनालयें आहेत, गायनाचे, व्यायामाचे, शिवणकामाचे वर्ग आहेत. आणि त्यांची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं त्यांनाही एक इतिहास आहे हें सहसा ध्यानांत येत नाहीं. तो इतिहास आज एका शहराच्या आधारें सांगावयाचा आहे.

आपल्या समाजांत जुन्या काळीं करमणुकीची वाण होती असें मुळींच नाहीं. देवळांत कीर्तन होतें, पेठेंत तालीम होती, जत्रेंत कुस्त्यांचा फड होता, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गाणें होतें. परंतु देऊळ सर्वांस मोकळें नव्हतें. तालीम त्या त्या पेठेची होती. आणि दिवाणखान्यांत जावयाचें तर आमंत्रण लागे. ज्याची कोणाशीं ओळख नाहीं आणि ज्याच्या खिशांत पैसा नाहीं, अशा माणसासही हक्कानें जाऊन बसतां येईल अशी जागा मात्र आपल्या जुन्या नगररचनेंत शोधूनही फारशी सांपडत नाहीं. अशी जागा असावी ही कल्पनाच नवी होती.

ही कल्पना ज्या नगरांत फार लौकर आणि फार मोठ्या प्रमाणांत अमलांत आली, त्यांत बडोद्याचें नांव पुढें येतें. बडोदें गुजराथेंतील शहर खरें; पण तेथील गायकवाडांचें राजघराणें मराठी, आणि दरबाराच्या आश्रयानें पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहिलेला मराठी समाजही मोठा. तेव्हां ह्या हकीगतीचें श्रेय जसें आपलें आहे, तसा तिच्यांतील दोषही आपणच वांटून घ्यावयास हवा.

प्रथम बागेची गोष्ट घेऊं. विश्वामित्री नदीच्या कांठीं १८७९ सालीं कमाटी बाग तयार झाली. शंभर एकरांहून अधिक विस्ताराची ही बाग पुढें सयाजी बाग ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. १८७९ सालीं सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांस १८८१ च्या डिसेंबरांत मिळाले, आणि तोंपर्यंत कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. राजवाड्याभोंवतीं बाग असणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. ही बाग मात्र प्रजेसाठीं होती. पुढें १८९४ सालीं ह्याच बागेंत पदार्थसंग्रहालयाची इमारत पुरी झाली, आणि फिरावयास आलेल्या माणसाला सहज जातां जातां देशोदेशींच्या वस्तू पाहण्याची सोय झाली.

बागेमागून गायन आलें. १८८६ सालीं महाराजांनीं उस्ताद मौलाबक्ष यांच्या हातीं सरकारी गायनशाळा सोंपविली. तोंपर्यंत गाणें शिकावयाचें म्हणजे गुरूच्या घरीं राहावयाचें, त्याची सेवा करावयाची, आणि त्याची मर्जी प्रसन्न होईल तेव्हां चार चिजा पदरांत पाडून घ्यावयाच्या. ह्या पद्धतीनें मोठे गवई निर्माण झाले; पण ज्याला गवई व्हावयाचें नाहीं, नुसतें चांगलें गातां यावें एवढीच ज्याची इच्छा आहे, अशा गृहस्थाला त्या पद्धतींत स्थान नव्हतें. मौलाबक्षांनीं स्वरलेखनाची पद्धति बसविली, तिच्या आधारें क्रमिक पुस्तकें रचिलीं, आणि ठराविक वेळीं, ठराविक क्रमानें, एका वर्गांत अनेकांना शिकविण्यास आरंभ केला. घराण्याची गायकी कागदावर उतरत नाहीं, असा आक्षेप तेव्हां जाणत्यांकडून घेतला जाई, व तो अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. मींड आणि गमक ह्यांचें मर्म समोर बसून ऐकल्यावांचून कळत नाहीं. परंतु गायनशाळेनें गवयांपेक्षां श्रोते अधिक निर्माण केले. आणि जाणता श्रोता नसेल तर गवयानें गावें कोणापुढें? मौलाबक्षांचेच नातू इनायतखाँ ह्या वातावरणांत वाढले आणि १९१० सालीं हिंदी संगीत घेऊन पश्चिमेकडे गेले. पुढें १९१६ च्या मार्चमध्यें पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीनें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यासच.

तालमीची कथा थोडी निराळी आहे. तिचें मूळ दरबारांत नसून एका उस्तादाच्या आखाड्यांत आहे. जुम्मादादा हे बडोद्याचे नामांकित मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव यांनीं गुरूचा आखाडा पुढें चालविला आणि त्यास व्यायाममंदिराचें रूप दिलें. कुस्ती, मल्लखांब, लाठी ह्या जुन्या विद्या तर त्यांनीं राखल्याच. पण शेंकडों मुलांनीं एकाच वेळीं, एकाच तालावर करावयाच्या सांघिक व्यायामाची पद्धतिही त्यांनीं बसविली, आणि तिच्यांतील आज्ञा इंग्रजींतून न देतां आपल्या भाषेंतून दिल्या. १९५४ सालीं माणिकराव वारले. त्यांचा लौकिक देशभर झाला होता. तरी संस्थेच्या दारावर त्यांनीं नांव ठेविलें तें आपल्या मुसलमान गुरूचें. व्यायामाबरोबर तेथें मुलांना दुसरें काय शिकावयास मिळत असेल, हें ह्या एका गोष्टीवरून ध्यानांत यावें.

ह्या साऱ्या खटपटीचा कळस म्हणजे ग्रंथालयें. १९०६ सालीं महाराजांनीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. परंतु वाचावयास शिकलेल्या मुलाच्या हातीं शाळा सुटल्यानंतर पुस्तक पडलें नाहीं, तर चार वर्षांत तो अक्षरें विसरून जातो. मग सक्तीचा सारा खर्च पाण्यांत. म्हणून १९१० सालीं त्यांनीं विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतलें. महाराजांचा स्वतःचा सुमारें वीस हजार ग्रंथांचा संग्रह मध्यवर्ति ग्रंथालयाचा पाया झाला. तेथें स्त्रियांसाठीं निराळें दालन होतें, आणि मुलांसाठीं खेळांची व चित्रांची खोली होती. खेड्यांकडे पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या धाडल्या जात. एका गांवचें वाचून झालें कीं पेटी परत येई आणि दुसरी जाई. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनाही ग्रंथालयानें वगळलें नाहीं. त्यांच्यासाठीं चित्रपटांचे आणि जादूच्या दिव्याचे मोफत खेळ होत.

ह्या व्यवस्थेंतील एक कलम मला फार महत्त्वाचें वाटतें. गांवाला कायमचें ग्रंथालय हवें असेल तर तें आयतें मिळत नसे. गांवकऱ्यांनीं कांहीं रक्कम उभी करावी. मग तितकीच भर जिल्ह्याच्या स्थानिक मंडळानें घालावी, आणि तितकीच सरकारनें. म्हणजे तिसरा हिस्सा गांवाचा. ह्या चळवळीचे आत्मा जे मोतीभाई अमीन, त्यांनीं तर सरकारी योजना सुरू होण्यापूर्वींच मित्रमंडळें स्थापून वाचनालयें काढलीं होतीं. ज्या वस्तूसाठीं आपण पदरचा पैसा घातला, ती वस्तु आपली असें माणसास वाटतें. आणि जें आपलें वाटतें तेंच टिकतें.

स्त्रियांच्या बाबतींत महाराणी चिमणाबाईंचें नांव घेतलेंच पाहिजे. त्यांच्या नांवाच्या उद्योगालयांत स्त्रियांना शिवणकाम, भरतकाम यांसारख्या कला शिकतां येऊं लागल्या. ज्या घरांतून बायकांनीं देवदर्शनावांचून बाहेर पडण्याचा रिवाज नव्हता, त्या घरांतील सुनेला दुपारीं दोन तास बाहेर जाण्यास एक मान्य कारण मिळालें. ह्याच चिमणाबाई १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

येथवर ही हकीगत सुखाची आहे, आणि येथेंच ती संपवितां आली असती. पण ती अर्धीच ठरली असती.

१९१३ सालीं सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकर ह्या तरुण पदवीधरास अमेरिकेंत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ति दिली. शिक्षण आटोपल्यावर बडोदें संस्थानची नोकरी करावी अशी अट होती. त्याप्रमाणें १९१७ सालीं ते बडोद्यास आले. कोलंबिया विद्यापीठांत आणि लंडनमध्यें शिकून आलेल्या ह्या विद्वानाला त्या शहरांत उतरावयास खोली मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमांत त्यांनीं पारशी नांव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेला जमाव दारांत उभा राहिला, आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडण्याचा त्यांस दम भरला. त्यांनीं दोन परिचितांकडे आसरा मागून पाहिला. दोघांनींही आपली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्रीं होती. मधले पांच तास त्यांनीं कोठें काढले? कमाटी बागेंत. ही हकीगत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली असून तें लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्या बागेंत बसून आपणांस आईवडिलांची आठवण झाली, असें त्यांनीं लिहिलें आहे.

ह्या प्रसंगाकडे दोन बाजूंनीं पाहिलें पाहिजे. ज्या दिवशीं शहरांतील प्रत्येक दार त्यांस बंद झालें, त्या दिवशीं एक फाटक उघडें होतें, आणि तें सार्वजनिक बागेचें होतें. तेथें कोणीं त्यांस जात विचारली नाहीं. अडतीस वर्षांपूर्वीं ती बाग सर्वांसाठीं मोकळी ठेविली गेली, तिचें सार्थक त्या सायंकाळीं झालें असें कोणी म्हटल्यास तें खोटें नव्हे. परंतु बागेला छप्पर नसतें. तेथें माणसाला बसतां येतें, राहतां येत नाहीं. ज्या नगरींत गायनशाळा होती, मोफत ग्रंथालय होतें, संग्रहालय होतें, त्याच नगरींत एका माणसाला भाड्यानें खोली देण्याचें धैर्य कोणाजवळ नव्हतें. बाग राजाला देतां आली. शेजार देणें हें राजाच्या हातीं नव्हतें. तो नागरिकांनींच द्यावयाचा होता, आणि त्यांनीं तो दिला नाहीं.

केवळ बडोद्यास दोष देऊन आपली सुटका होणार नाहीं. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांस खुल्या असाव्या, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें अस्पृश्यांस मोकळें केल्याचें जाहीर केलें. तरीही त्या तळ्यावर प्रत्यक्ष पाणी पिण्यासाठीं १९२७ सालच्या २० मार्चला सत्याग्रह करावा लागला. आणि तो ज्यांनीं केला, त्यांचे पुढारी दहा वर्षांपूर्वीं कमाटी बागेंत बसलेले तेच आंबेडकर होते. फाटक उघडल्याचा कागद असणें वेगळें आणि फाटक उघडें असणें वेगळें, हें त्यांच्याइतकें स्वानुभवानें दुसऱ्या कोणास माहीत असणार!

पुढें १९३९ सालीं महाराज निवर्तले, आणि १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. राजा गेला, राज्य गेलें. पण बाग राहिली, ग्रंथालय राहिलें, जुम्मादादांची तालीम राहिली, आणि गायनशाळेची परंपरा १९४९ सालीं स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत चालू राहिली. आणि ज्या स्थळीं १९१७ सालीं एक निराश्रित तरुण बसला होता, तें आज संकल्पभूमि म्हणून ओळखलें जातें; लोक तेथें मुद्दाम जाऊन हात जोडतात.

आज आपल्या गांवांतही असे वर्ग असतील. कोठें नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव, कोठें उन्हाळी सुट्टींतील चित्रकलेचा वर्ग, कोठें वृद्धांसाठीं सकाळचा व्यायाम. त्यांची यादी वाचतांना किती वर्ग आहेत आणि किती जणांनीं नांवें नोंदविलीं हें आपण पाहतों. तें पाहावेंच. पण त्याबरोबर वर्गांत एकवार नजर फिरवून असेंही पाहावें कीं, आपल्या गांवांतील कोण येथें आलेलें नाहीं? शुल्क परवडत नाहीं म्हणून, वेळ सोयीची नाहीं म्हणून, कीं आपल्याशेजारीं बसण्याचा त्यास संकोच वाटतो म्हणून? पहिल्या दोन अडचणी नगरपालिकेला दूर करतां येतील. तिसरी मात्र आपणांसच दूर करावी लागेल. आणि तिच्यासाठीं कोणताही ठराव पास होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. बांकावर थोडें सरकून जागा करून दिली, तरी सुरुवात होते.