मुंबईची दाटी आणि परगांवचे लोक

शहरांत खोली मिळेनाशी झाली, नळाचें पाणी अपुरें पडूं लागलें, कीं ‘बाहेरचे लोक फार झाले’ हें उत्तर ठरलेलेंच असतें. तें कितपत खरें आहे, हें मुंबईच्या इतिहासांतून पाहूं.

प्रथमदर्शनीं आंकडे तक्रार करणाराच्याच बाजूनें बोलतात. १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम झाला. १८७२ च्या खानेसुमारींत ६,४४,४०५ असलेली वस्ती १८९१ मध्यें ८,२१,७६४ वर गेली. १९०१ सालीं मुंबईंतच जन्मलेले लोक एकचतुर्थांशहि नव्हते; एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलेच लाखाच्या वर होते. आतां अशा शहरांत बाहेरचा कोणास म्हणावें, हें ज्यानें त्यानें आपल्या आजोबांचें गांव आठवून ठरवावें!

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. दोष दिला गेला तो मजुरांच्या दाटीस व राहणीस. चारच वर्षांपूर्वीं, १८९२ सालीं, तानसा तलावाचें विपुल पाणी शहरांत आणलें होतें. पण तें वाहून नेणारीं गटारें त्या मानानें झालीं नव्हतीं आणि सखल वस्त्यांखालची जमीन ओलीच राहिली. हा अपराध कांहीं कोंकण्या मजुराचा नव्हे.

त्या साथीनें नकळत एक प्रयोगच करून दाखविला. लाखों माणसें कोंकणांत व घाटावर निघून गेलीं. गिरण्यांना हात मिळेनात, आणि चढ्या मजुरीचा रोजच्या रोज सौदा होऊं लागला. १९०१ सालीं वस्ती ७,७६,००६ भरली. म्हणजे दहा वर्षांत पंचेचाळीस हजारांहून अधिक घट! येणारांमुळेंच दाटी होत असती, तर आतां गरिबाला पाय पसरण्यापुरती जागा मिळावयास हवी होती. परंतु त्याच खानेसुमारीप्रमाणें शंभरांतलीं सुमारें ऐंशी माणसें एकखोली बिऱ्हाडांत राहत होतीं. मजुराला गिरणीपर्यंत पायींच जावयाचें, म्हणून तो तिच्या आसपासच राहणार. तेथें जागेचा भाव चढा. आणि मजुरींतून भाडें निघावयाचें तें एकाच खोलीचें, तेंहि चौघांनीं वांटून घेतल्यावर. माणसें घटलीं तरी हें गणित तेंच राहिलें.

१८९८ सालीं सुधारणा-ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें कोंदट आळ्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद, हवेशीर रस्ते काढले. हें काम चांगलेंच होतें. मात्र मोबदला मिळाला घरमालकाला, आणि उठवलेला भाडेकरी शेजारच्या आळींत जाऊन तेथील दाटी वाढवूं लागला.

पुढें गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, सरकारनें डेव्हलपमेंट खातें काढलें. संकल्प होता पन्नास हजार खोल्यांचा आणि पैशासाठीं कापसाच्या गांठीवर रुपया कर बसविला. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उठल्या. गिरणगांवांत माणसावर माणूस निजत असतां या सरकारी चाळींतल्या पुष्कळ खोल्या मात्र कित्येक वर्षें ओस होत्या! भाडें झेपेना, वरळी तर कामापासून आडबाजूला. १९३० च्या सत्याग्रहांत सरकारला तुरुंग अपुरे पडले, तेव्हां वरळीच्या चाळींत कैदी आणून ठेवले गेले.