गैरहजेरीची न्यायालयीन कारवाई (टेक्सास)

सक्तीच्या शिक्षणाच्या वयातले मूल सबबीशिवाय शाळा बुडवू लागले, की ते प्रकरण शाळेने न्यायालयाकडे पाठवण्याची अमेरिकेच्या टेक्सास राज्यातली पद्धत. हे काम १ सप्टेंबर २०१५ पर्यंत फौजदारी गुन्ह्याच्या चौकटीत चाले, त्यानंतर ते दिवाणी स्वरूपाचे झाले. या राज्यात वयाच्या सहाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत शाळा सक्तीची आहे. न्यायालयात मात्र बारा वर्षे पूर्ण झालेले मूलच उभे राहते. त्याहून लहान मूल घरी राहिले, तर जाब पालकाला विचारला जातो.

अमेरिकेत सक्तीच्या हजेरीचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला आणि शेवटचा मिसिसिपीने १९१८ मध्ये. टेक्सासचा कायदा १९१५ चा. मुलांना गिरणीतून, शेतातून वर्गात आणणे हा या कायद्यांचा मूळ हेतू होता. गैरहजर मुलालाच आरोपी करण्याची वाट टेक्सासने पुढे धरली, आणि ती इतर राज्यांहून फार लांबवर नेली.

जुनी रीत अशी होती. सहा महिन्यांत दहा दिवस, किंवा दहा दिवसांचा काही भाग, विनासबब गैरहजेरी लागली की शाळेने दहा शालेय दिवसांत तक्रार दाखल करायचीच. चार आठवड्यांत तीन गैरहजेऱ्या झाल्या तरी तक्रार करण्याची मुभा होती. ‘दिवसाचा भाग’ या शब्दांमुळे एक तास बुडवणाराही मोजणीत येई. प्रकरण सहसा बालन्यायालयात न जाता मोठ्यांचे वाहतूक-दंड आणि किरकोळ गुन्हे चालवणाऱ्या जस्टिस ऑफ द पीस किंवा नगरपालिका न्यायालयात जाई. दंड ५०० डॉलरपर्यंत. तो थकला आणि मुलाने सतरावे ओलांडले, की अटकेचे वॉरंट निघू शके. या न्यायालयांत मुलाला सरकारखर्चाने वकील मिळत नसे, त्यामुळे बहुतेक मुले एकटी किंवा आईबापांसह उभी राहून गुन्हा कबूल करत. डॅलस काउंटीने २००३ पासून केवळ गैरहजेरीसाठी वेगळी न्यायालये काढली. तिथे २०१२ या एका वर्षात सुमारे ३६,००० प्रकरणे चालली. शाळांना राज्याकडून मिळणारा पैसा सरासरी दैनिक हजेरीवर ठरतो, म्हणून पटावरचे प्रत्येक रिकामे घर शाळेच्या खिशालाही लागत होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे.

२०१२ मध्ये ह्यूस्टनच्या उत्तरेला अकरावीतली एक सतरा वर्षांची मुलगी न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक रात्र तुरुंगात राहिली. ती हुशार विद्यार्थिनी होती. आईवडील वेगळे झालेले, ती दोन नोकऱ्या करून भावंडांचा खर्च चालवत होती, आणि झोप अपुरी पडल्याने शाळा चुकत होती. पुढे न्यायाधीशांनी तो आदेश मागे घेतला. कायदा ज्या मुलांसाठी केला त्यांच्यापैकी एक मूल त्यानेच असे पकडावे, ही गोष्ट लोकांना बोचली. २०१३ मध्ये तीन संस्थांनी डॅलसच्या पद्धतीविरुद्ध केंद्रीय न्याय विभागाकडे तक्रार केली, आणि मार्च २०१५ मध्ये विभागाने चौकशी सुरू केली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी नव्या कायद्यावर सही केली.

नव्या कायद्यात दहा दिवसांचा आकडा तोच राहिला. बदलला तो शाळेने न्यायालयाकडे पाठवायचा कागद. शाळेच्या अहवालात आता दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात. पहिली, शाळेने प्रतिबंधक उपाय केले आणि ते उपयोगी पडले नाहीत. दुसरी, मूल विशेष शिक्षणास पात्र आहे की नाही. प्रतिबंधक उपाय म्हणजे मुलाशी ठरवलेली लेखी वर्तणूक-योजना, शाळेतच समाजसेवा, समुपदेशन किंवा मध्यस्थी. चार आठवड्यांत तीन गैरहजेऱ्या झाल्या की हे सुरू करायचे आणि पालकाला कळवायचे. गैरहजेरीमुळे होऊ शकणाऱ्या कारवाईची पूर्वसूचना पालकाला वर्षाच्या आरंभीही द्यायची असते. मूल गरोदर असेल, सरकारी पालनगृहात असेल, बेघर असेल किंवा घरचा मुख्य कमावता तेच असेल, आणि गैरहजेरी त्यामुळेच होत असेल, तर अहवाल पाठवताच येत नाही. या यादीतली शेवटची ओळ वाचताना ती ह्यूस्टनची मुलगी आठवल्याखेरीज राहत नाही. उपाय लागू पडत असतील तर शाळा अहवाल लांबवू शकते. अहवालात त्रुटी असेल, मुदत टळली असेल किंवा वरच्या दोन गोष्टी त्यात नसतील, तर न्यायाधीशाने प्रकरण काढून टाकलेच पाहिजे, असे कायदा सांगतो. पूर्वी शाळेला ‘मूल किती दिवस आले नाही’ एवढेच सांगावे लागे. आता ‘तुम्ही काय केलेत’ हा प्रश्न आधी शाळेलाच विचारला जातो. २०१५ च्या सुधारणेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

अहवाल आला की लगेच खटला होत नाही. तो सरकारी वकिलाकडे जातो, आणि अर्ज दाखल करायचा की नाही हे वकील ठरवतो. शेवटच्या गैरहजेरीनंतर पंचेचाळीस दिवस उलटले तर अर्ज करता येत नाही. सुनावणीत आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, आणि मूल सहा जणांच्या ज्युरीची मागणी करू शकते. आरोप सिद्ध झाला तर शाळेत नियमित जाण्याचा, समुपदेशनाचा किंवा समाजसेवेचा आदेश निघतो. वाहन परवानाही रोखता येतो. आदेश मोडला तर १०० डॉलरपर्यंत दंड होतो, पण मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. नव्या कायद्यातल्या नोंदी आदेश पाळणाऱ्या मुलांसाठी पुढे सील होतात, आणि जुन्या शिक्षांच्या नोंदी पुसून टाकण्याचीही तरतूद झाली. पालकाविरुद्धचा गुन्हा मात्र फौजदारीच राहिला. निष्काळजीपणाने मुलाला घरी ठेवल्याबद्दल पहिल्या वेळी १०० डॉलर, आणि पुढे चढत ५०० पर्यंत. या दंडाचा अर्धा वाटा शाळांच्या जिल्ह्याला जातो. त्याने शाळेचा हेतू नाहक संशयास्पद ठरतो. ही तरतूद काढून टाकायला हवी होती.

हजेरीसाठी दंडाची वाट महाराष्ट्रातही फार पूर्वी चोखाळली गेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही दिशा उलटी केली. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले, पण त्यासाठी दंड ठेवला नाही. मूल दाखल झाले आणि येत राहिले याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर आली. शाळाबाह्य मूल शोधायचे आणि परत पटावर आणायचे, एवढेच इथल्या यंत्रणेचे काम आहे.

डॅलस आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा कायदा जवळून भेटतो, तो सण किंवा घरचे लग्न शाळा चालू असताना आले की. धार्मिक सणासाठीची गैरहजेरी कायद्याने सबबीची मानली आहे, आणि त्यासाठी प्रवास करावा लागल्यास जायला एक व यायला एक दिवस जादा मिळतो. तीन आठवडे भारतात लग्नाला जाणे त्यात बसत नाही. ती रजा मुख्याध्यापकांच्या मान्यतेवर अवलंबून असते. मान्यता मिळाली नाही तर ते दिवस दहाच्या मोजणीत जातात, म्हणून रजेचे पत्र प्रवासाला निघण्याआधी द्यावे लागते आणि त्याची प्रत घरी ठेवावी लागते.